मापकाच्या कपाळावरची पट्टी

मित्रांनो, कपाळावर खोटी पट्टी वागवणारा मी एक जुना मापक आहे. बंदुकीची दारू मापतो. ज्यांना आपली काडतुसं आपल्या हातांनी भरायची असतात, त्यांच्या टेबलाला मला स्क्रूने घट्ट बसवतात. वर दारूचं नळकांडं, मध्ये लोखंडी पोट, बाजूला दांडा. दांडा वर नेला की पोटात ठरलेली दारू भरते, खाली आणला की ती खाली धरलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत पडते. एवढंच माझं काम, पण त्यात एका दाण्याचीही चूक चालत नाही.

मोंटानातल्या एका छोट्या गावाच्या जत्रेत लेलँड हॉगनने मला निवडलं. शेजारी चकचकीत, नवेकोरे मापक मांडलेले होते. लेलँडने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझा दांडा फिरवून पोट कुठे खुळखुळतं का ते पाहिलं, खिशातून छोटा वजनकाटा काढला आणि दहा वेळा दारू पाडून दहाही वेळा तोलली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "अहो, मापक घेताय की जावई शोधताय?"

"जावई थोडा कमीजास्त असला तरी चालवून घेईन," लेलँड म्हणाला. "हा नाही."

त्या दिवशी मी फुशारून गेलो. कोणीतरी आपल्याला पारखून घेतलं, याचं सुख काही वेगळंच असतं.

लेलँडची शिस्त मोठी कडक. टेबलावर दारूचा एकच डबा. त्यातल्या दारूचं नाव कागदी पट्टीवर लिहून ती पट्टी माझ्या कपाळाला चिकटवायची. मग माझा स्क्रू केसभर फिरवायचा, दारू पाडायची, तोलायची, परत वर ओतायची, पुन्हा केसभर फिरवायचा. मनासारखं वजन आलं की कडी आवळायची. दांडा नेहमी एकाच लयीत, वर एक ठोका, खाली एक ठोका. लांब दाण्यांची दारू कधी माझ्या पोटात अडकून करकरली, तर तो जोर न करता दांडा मागे घ्यायचा. दर दहाव्या पुंगळीची दारू काट्यावर जायची. आणि उठताना मला पूर्ण रिकामं करून दारू तिच्याच डब्यात. चहा निवला तरी चालेल, पण हे आधी. त्याची बायको नॉर्मा म्हणायची, "माझ्या तब्येतीची एवढी चौकशी कधी केली नाहीस." आणि हसायची.

नॉर्मा गेली. तिची बंदूक मुलीकडे, आर्डिसकडे आली. आईच्या बंदुकीने त्या हिवाळ्यात पहिलं एल्क हरीण मिळवायचं, असं आर्डिसने ठरवलं होतं. काडतुसं अर्थात बाबांनीच भरायची.

लेलँडने सुरुवात केली आणि फोन वाजला. शेजाऱ्याच्या गाई कुंपण तोडून रस्त्यावर आल्या होत्या. लेलँडने डबा फळीवर ठेवला, माझ्या कपाळावरची पट्टी सवयीने ओढून काढली आणि पळाला. माझं नळकांडं मात्र अर्धं भरलेलं राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी तो आला. माझ्या कपाळावर नाव नव्हतं. त्याच्या हाती आलेला डबा दुसऱ्याच दारूचा होता, पण नळकांड्यातली दारू त्यातलीच, असं त्याने गृहीत धरलं आणि वरून ओतली. लांब दाणे खाली, गोल दाणे वर. स्क्रू आधी बसवलेला होताच, म्हणून काट्याला हातही लावला नाही; गोल दाणे मात्र तेवढ्याच पोटात जास्त मावतात. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, मित्रांनो. मी फक्त दिलं तेवढं मापून टाकत राहिलो.

कुरणात आर्डिसने तिसरी गोळी झाडली तेव्हा नॉर्माची बंदूक फुटली. आर्डिसच्या गालाला अकरा टाके पडले आणि उजव्या डोळ्याची नजर अंधूक झाली.

लेलँड दवाखान्यातून थेट माझ्यापाशी आला. त्याने मला टेबलावरून सोडवून तळहातावर उपडं केलं. लांब दाणे, गोल दाणे, एकत्र. मग ती दारू नेऊन नॉर्माच्या फुलांच्या वाफ्यात पसरून टाकली. आर्डिस बरी होईपर्यंत त्याच्याकडे राहायला आली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मापकच सरकला. जुना झाला मेला."

मी चरकलो. दहा वेळा तोलून मला घेणारा हाच का माणूस? त्याने नवी पट्टी फाडली, तिच्यावर 'बिघडलेला, चुकीचं माप टाकतो' असं लिहिलं आणि माझ्या कपाळाला चिकटवली. ज्या जागी तो दारूचं नाव लावायचा, त्याच जागी. मग मी गावच्या अग्निशमन दलाच्या जुन्या सामानाच्या विक्रीत जाऊन पडलो.

तिथे सामान लावायला आर्डिसच होती. तिने मला ओळखलं, आपल्या घरी नेलं आणि पांढऱ्या कागदावर झटकलं. माझ्या कोपऱ्यात चिकटून राहिलेले सात-आठ दाणे पडले. काही लांब, काही गोल. तिने एकाच डब्यातली ताजी दारू घातली, दहा वेळा पाडली, दहाही वेळा तोलली. काटा एकाच जागी थांबला.

तिने वडिलांना बोलावलं आणि तो कागद पुढे सरकवला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

लेलँडने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याच दिवशी कळलं. तुझ्या गालाकडे बघून खरं तोंडातून निघेना."

"चूक कुणाचीही होते. पण मी जेवताना रोज या मापकाला शिव्या घालत होते. आणि तुम्ही समोर बसून बटाटे वाढत होतात."

जाताना लेलँडने माझ्याकडे पाहिलं. आर्डिस म्हणाली, "ती पट्टी मी काढणार नाही. ज्याने लावली त्यानेच काढायची."

मित्रांनो, तुमच्या घरी मापक नसेल, पण इमानाने काम करणारी एखादी मुकी वस्तू नक्की असेल. काम झालं की तिला रिकामी करा, पुसा. आणि चूक तुमची असेल तर तिच्या नावावर खपवू नका, कारण तिला उलटून बोलता येत नाही.

मी आता आर्डिसच्या फळीवर असतो, आणि लेलँड अजून दर रविवारी तिच्याकडे येतो. कॉफी पितो, बर्फाविषयी बोलतो, माझ्या फळीशेजारी दोन मिनिटं उभा राहतो. मागच्या रविवारी त्याने हात वर केला, पट्टीचं एक टोक नखाने उचललं, आणि मग अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवून टाकलं.