सोमवारीच मारलेले शिक्के

मी एक जुना शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर, रबरावर एक हसरा चेहरा आणि त्याखाली तीन शब्द: 'आजचा दिवस छान'. मित्रांनो, त्या चेहऱ्याला भुलू नका. मी भयंकर चिडलेलो आहे. मला तळपाय नाहीत म्हणून, नाहीतर तळपायाची आग केव्हाच मस्तकात गेली असती.

एका पाळणाघराच्या मोठ्या बाईंनी मला मुद्दाम बनवून घेतलं. शिक्केवाला म्हणाला, "बाई, जोडीला एक रडका चेहराही करून देऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "मूल रडलं तर मी हाताने लिहीन. रडण्याला कारण असतं. ते शिक्क्यात कसं मावेल?"

अशा होत्या बाई! मूल घरी निघालं, पायात बूट चढले, की त्या त्याला मांडीवर घेत, त्याचा दिवस आठवत आणि मगच त्याच्या आईबापांना रोज जाणाऱ्या चिठ्ठीवर मला टेकवत. मूल जेवलं नसेल, पडलं असेल, कुणाला चावलं असेल, तर मी डबीत आणि त्यांचं पेन बाहेर. "आज मी तुमच्या लेकाला उगाच ओरडले, माझं चुकलं," असंसुद्धा त्यांनी एकदा लिहिलं होतं. आईबाप क्वचित रागावत, पण चिठ्ठीतल्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत. तेव्हा मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

पुढे बाईंचे गुडघे गेले आणि पाळणाघर सुनेच्या हाती आलं. तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडमना संध्याकाळची घाई नको असे. त्यांनी शिक्के सकाळी सव्वाआठलाच मारायला सुरुवात केली, एकही मूल आलेलं नसताना! तेही जड जायला लागलं, तेव्हा सोमवारी सकाळी बसून अख्ख्या आठवड्याच्या चिठ्ठ्या उरकायच्या, असं ठरलं. तारीख घातलेली, मुलाचं नाव घातलेलं, 'पूर्ण जेवण, दोन तास झोप' हे लिहिलेलं, आणि खाली मी, दात काढून.

एकदा एक बसचालक बाबा दुपारी लेकाचं पांघरूण न्यायला आले. सवयीने त्यांच्या हातात चिठ्ठी दिली गेली. ते वाचून म्हणाले, "अहो, आमचा पोरगा सकाळपासून घरी तापाने फणफणलाय. मग इथे दोन तास झोपलं कोण?"

मॅडम हसल्या. "गडबडीत दुसऱ्याची आली वाटतं." चिठ्ठीवर त्या मुलाचं नाव ढळढळीत लिहिलेलं होतं. पण बाबांना ड्यूटीवर जायचं होतं. ते गेले आणि सगळं होतं तसंच चालू राहिलं. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!

त्या सुमारास एक नवी ताई लागली. लहान मुलांना कसं सांभाळावं, याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. पहिल्याच सोमवारी तिने विचारलं, "मॅडम, आज सोमवार. शुक्रवारी मुलं झोपतील की नाही, ते आपल्याला आत्ता कसं कळणार?"

"अगं, एवढीएवढीशी मुलं. त्यांचा दिवस असा काय वेगळा जाणार? मार तू."

आणि तिने मारले. वर्ष संपल्यावर मॅडमकडून अनुभवाचा दाखला हवा होता ना तिला! तिचाही मला राग आला. शिकलेलं सगळं पर्समध्ये ठेवून ती मुकाट शिक्के मारत होती.

आता भिंगरीचं सांगतो. अडीच वर्षांची पोर. सारखी स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून हे नाव पडलं. दुपारी तिला काही केल्या झोप येत नसे. ती गाणं म्हणायची आणि मग शेजारची मुलं उठायची. जो झोपणार नाही त्याला बाथरूममध्ये बसवून बाहेरून कडी घालायची, हा मॅडमचा उपाय. "पाच मिनिटांत सरळ होतात," असं त्या म्हणत. पाच मिनिटं कसली! टेबलावरून मला भिंतीवरचं घड्याळ दिसत असे. अर्धा अर्धा तास आतून दार बडवल्याचा आवाज येई. ताईने एकदा कडी काढली, तर मॅडमनी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. पुन्हा तिने कडीला हात लावला नाही.

भिंगरी रोज सकाळी दारातच आईला बिलगून म्हणायची, "आई, कडी नको."

आई दवाखान्यात नर्स. ड्यूटीची वेळ डोक्यावर असायची. ती म्हणायची, "कसली कडी गं? चिठ्ठीत तर रोज हसरा चेहरा असतो. खोटं बोलू नये, राणी."

ऐकलंत? पोर खरं बोलत होती आणि खोटारडी ठरत होती. कुणामुळे? माझ्यामुळे! त्या क्षणी माझं रबर झिजून सपाट झालं असतं तर किती बरं झालं असतं.

मग तो गुरुवार आला. मॅडमनी बाथरूमचं दार ओढलं आणि भिंगरीचं बोट फटीत सापडलं. नख काळंनिळं पडलं. मॅडम ताईला म्हणाल्या, "खेळताना चिमटलं म्हणायचं. चिठ्ठी नेहमीसारखी द्यायची."

संध्याकाळी आई आली. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात लेकीचं सुजलेलं बोट. "हे काय झालं?"

"खेळण्यांच्या खोक्यात सापडलं हो. आम्ही लगेच बर्फ लावला," मॅडम म्हणाल्या. बर्फ! बर्फ कुणी पाहिलासुद्धा नव्हता.

"नाही," भिंगरी म्हणाली. "कडी लावली. दार लागलं."

"बघा, हल्ली गोष्टी रचायला लागलीय."

आई दिवसभराची थकलेली. तिने चिठ्ठीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडमना सॉरी म्हण बघू."

भिंगरीने तोंड उघडलं. तेवढ्यात ताई मध्ये आली. "ती सॉरी म्हणणार नाही!"

तिने खण ओढला, एक चिठ्ठी काढली आणि आईसमोर धरली. "ही उद्याची. शुक्रवारची. तुमची मुलगी उद्या दोन तास छान झोपलीय. आम्ही सोमवारीच लिहून ठेवलंय. ती झोपत नाही म्हणून तिला बाथरूममध्ये कोंडतात. आज दारात बोट चेंगरलं."

आईने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्या वॉर्डात औषध द्यायच्या आधीच 'दिलं' असं लिहिणारीला आम्ही पेशंटजवळ फिरकू देत नाही."

"अहो, एवढं काय त्यात? सगळेच करतात," मॅडम म्हणाल्या. चोर तो चोर, वर शिरजोर!

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा. तक्रारीत लिहिते."

"माझं लिहा," ताई म्हणाली. "शिक्के मीही मारलेत. ती आतून हाका मारत होती आणि मी ऐकत उभी राहिले. ते पण लिहा."

आई जमिनीवर बसली, भिंगरीच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतकी खाली. "माझं चुकलं गं. तू रोज सांगत होतीस."

भिंगरीने ते बोट तिच्या तोंडापुढे धरलं. फुंकर हवी होती तिला. दुपारपासून कुणीही घातली नव्हती.

तक्रार झाली. तपासणीची माणसं आली, ती कडी उखडली गेली, मॅडमचा कारभार थांबला. ताईला दाखला मिळाला नाही तो नाहीच. आणि मी? पुरावा म्हणून एका पाकिटात, सरकारी कपाटात पडलोय. बरंच झालं. निदान इथे माझ्याकडून कुणी खोटं वदवून घेत नाही.

मित्रांनो, तुम्हाला कुणी कोंडलं, दुखवलं आणि वर 'सगळं छान आहे' म्हणालं, तर गप्प बसू नका. आईने नाही ऐकलं तर बाबांना सांगा, आजीला सांगा, मामाला सांगा. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा. आणि हे तुम्हाला जे मोठे वाचून दाखवत आहेत, त्यांनाही माझं सांगणं आहे: चिठ्ठी मागाहून वाचा. आधी पोराला विचारा, आणि ते बोलत असताना घड्याळाकडे बघू नका.