चौदापैकी चौदा

दिवा हिरवा होता, एवढं एकच वाक्य दयाराम तेरा दिवस सांगत होता. पोलिसांना सांगितलं, चौकशीच्या साहेबांना सांगितलं, आणि ऐकायला कोणी नसलं की ओटीवर बसून स्वतःलाच सांगायचा. त्याची मुलगी प्राप्ती कामावर निघताना ते ऐकायची.

घडलं ते असं. न्हावा शेव्याच्या मागे गोदामांची रांग आहे, त्यातल्या एका गोदामात दयाराम मुकादम. बाहेरदेशच्या मालाला कीड लागू नये म्हणून कंटेनर बंद करून आत विषारी वायूची धुरी देतात. तो वायू निघून गेल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. म्हणून दाराशी एक डबी बसवलेली. तिची नळी आतली हवा ओढते. वायू जास्त असला तर लाल दिवा, नसला तर हिरवा. जुन्या मुकादमांचा या डबीवर काडीचा विश्वास नव्हता. दिवा काहीही म्हणो, दार सताड उघडून अर्धा तास वारं खेळू द्यायचं आणि मगच माणूस आत सोडायचा, ही त्यांची रीत. दयारामही ती पाळायचा. पण गेल्या वर्षी डबीतला प्रोग्राम तपासायचं काम त्याच्याच मुलीकडे आलं, आणि गड्याची छाती दोन बोटं फुगली. "माज्या पोरीनं तपासलेला दिवा हाय, थांबायचा कशाला?" असं म्हणून त्याने तो अर्धा तास सोडून दिला. त्या दिवशी त्याने हिरवा दिवा पाहिला, दार उघडलं आणि नामाला म्हणाला, "जा." नामा त्याचा शेजारी. बंदर यायच्या आधी जिथे मिठागर होतं, तिथे दोघे लहानपणी एकत्र मीठ ओढायचे. बाहेर काढला तेव्हा नामाचा श्वास थांबलेला होता.

प्राप्तीच्या कंपनीने चौकशीला अहवाल दिला. त्या मॉडेलच्या डबीवर चौदा टेस्ट घेतल्या, चौदाही पास. म्हणजे डबी ठणठणीत. डबी ठणठणीत म्हणजे दिवा लालच असणार, आणि मुकादमाने न बघता माणसाला मरायला आत पाठवलं. गावाला हे गणित चटकन पटलं. कोणी म्हणालं, प्यायला होता. दयारामने आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? एकटी नामाची बायको ठमी तेवढी ठाम राहिली. कपाळ उजाड झालेली ती बाई स्वतः येऊन दयारामला सांगून गेली, "भाऊ, तुमी हिरवा बोलताव तं हिरवाच. तुमी खोटं बोलनार नाय." त्या शब्दांवर तो माणूस जेवत होता.

अहवालाखाली तपासनीस म्हणून प्राप्तीचीच सही होती. बाप खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि टेस्ट खोटं बोलत नाही अशीही तिची खात्री होती. दोन्ही खरं कसं असेल? चौदाव्या दिवशी दुपारी ऑफिसात सगळे जेवायला गेले, तेव्हा तिने कपाटातून तसलीच एक डबी काढली आणि टेस्ट पुन्हा चालवली. चौदापैकी चौदा पास.

मग तिने डबीच्या नळीला स्वतः तपासणीचा वायू जोडला. आकडा धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर जायला हवा होता. दिवा हिरवाच राहिला. नव्या मॉडेलच्या नळीचं माप वेगळं होतं, आणि प्रोग्राम अजून जुन्याच मापाने वायू मोजत होता. ही चूक दुसऱ्याची. पण ती पकडायला तर तिच्या टेस्ट होत्या! टेस्ट नेमका असाच जास्त वायू दाखवून दिवा लाल होतो का ते बघत होती. मग ती पास कशी म्हणाली?

तिने टेस्टची आपली फंक्शन्स उघडली, म्हणजे डबीतला शेल एकेक हुकूम वाचून चालवतो ते प्रोग्रामचे तुकडे. वर्षापूर्वी तिने ती हौसेने लिहिली होती. मॅनेजर शुभमने बजावलं होतं, "शेलमध्ये लिही, पण अगदी साध्या शेलमध्ये. आपल्याकडे तीन तऱ्हेच्या डब्या आहेत, एकच फंक्शन सगळीकडे चाललं पाहिजे." तिने मान डोलावली होती, आणि लिहिताना मात्र लॅपटॉपवरच्या सवयीने अट दुहेरी चौकोनी कंसात टाकली होती. लॅपटॉपचा शेल भारी, त्याला ते कळतं. डबीतला शेल गरीब, त्याला ते कंस म्हणजे कुठलातरी अनोळखी हुकूम वाटतो. "दिवा लाल नसेल तर टेस्ट नापास कर" असं फंक्शन म्हणत होतं. डबीला अटच कळत नव्हती, न कळलेली अट ती खोटी धरायची, नापास करायची ओळ ओलांडून पुढे जायची, आणि शेवटी निमूट लिहायची: पास.

डबीने तक्रार केली नव्हती असं नाही. दर वेळी ती एरर देत होती. पण अहवालात लाल ओळी दिसल्या की शुभम वैतागायचा, म्हणून प्राप्तीने फंक्शनच्या टोकाला चार अक्षरं जोडून सगळ्या एरर गडप करून टाकल्या होत्या. आता तिने ती अक्षरं खोडली. पडद्यावर एकाखाली एक चौदा तक्रारी आल्या. मुद्दाम चूक घालून लिहिलेली टेस्ट नापास होते का ते एकदा पाहावं, हा या धंद्यातला पहिला धडा. तिने तो लॅपटॉपवर गिरवला होता, डबीवर कधीच नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण तिने स्वतःच्या हाताने घातलं होतं.

संध्याकाळी तिने बापाला सगळं सांगितलं. शेल आणि कंस त्याला काय कळणार? पण शेवटचं कळलं.

"म्हंजे दिवा हिरवाच व्हता," तो म्हणाला. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले. मग त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आनि चूक तुजी?"

"माजी, बाबा. उद्या कागद घेऊन आपण दोघं साहेबांकडे जाऊ."

"कोनाला ठाव हाय ह्ये?"

"कोनालाच नाय अजून."

"बरं," दयाराम म्हणाला, आणि त्या रात्री तो पोटभर जेवला. बाप सुटला म्हणून जेवतोय, असं तिला वाटलं. शिकलेली पोर, पण बाप तिला वाचता आला नाही.

सकाळी ती ऑफिसात जाऊन नव्या निकालाचा कागद काढून आली. शुभम हातापाया पडला, दोन दिवस थांब म्हणाला. तिने ऐकलं नाही. अकराला घरी पोचली तर बाप ओटीवर बसलेला, आणि समोर ठमी.

"चला बाबा," ती म्हणाली.

"मी जाऊन आलू," दयाराम म्हणाला. "दिवा लाल व्हता, मी बगला नाय. लिवून दिलाय. सही केलीय."

त्याने आधी साहेबांना सांगितलं होतं, आणि तिथून सरळ ठमीच्या दारात जाऊन तिलाही सांगितलं होतं. ती आता खरं-खोटं करायला आली होती.

"काकी, ह्ये खोटं हाय!" प्राप्तीने कागद तिच्यापुढे धरला. "दिवा हिरवाच व्हता. माज्या टेस्टनं चुकीचं पास दाखवलं. नामाकाका माज्यामुलं गेला. यात लिवलंय सगलं, बग."

ठमीला वाचता येत नव्हतं. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. दयारामकडे पाहिलं. "भाऊ, येकदाच सांगा. माज्याकडं बगून."

दयारामने तिच्या डोळ्याला डोळा दिला. "लाल व्हता, वयनी."

"बाबा, नका हो!" प्राप्ती रडायला लागली. "काकी, शप्पत घेते. मी चुकले. मी!"

ठमीने हात पुढे केला आणि तिच्या गालावरून फिरवला. त्या हाताला राग नव्हता, आणि प्राप्तीला तेच सोसवेना.

"नको रडू गो. बापासाटी बोलतंस, मना कलतं. माज्या पोटी पोर असती तं तिनंबी ह्येच केलं असतं."

मग ती दयारामकडे वळली. त्याला भाऊ म्हणायचं तिने तिथेच सोडलं.