अकरावं झाड

त्या दिवशी सकाळी कात्रीवरून वाजलं. कात्री हरवली होती आणि सासूबाईंच्या मते ती मीच हरवली होती. मग अबोला. डोंगरउतारावरच्या डाळिंबांना खत घालायचं होतं, तर त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं.

काम तसं सोपं. झाडाची सावली जिथे संपते तिथे, चढाच्या अंगाला, अर्धगोल चर असतो. त्यात डबाभर युरिया पसरायचा आणि वर माती ओढायची. पाटाचं पाणी वरून येतं आणि खत मुळांशी नेतं. पण पाणी आमच्याकडे आठ दिवसांतून एकदा, तेही जेमतेम. आमचे हे वर टाकीपाशी गेले होते. चारला पाणी सोडणार होते. तिथे फोन लागत नाही.

मधल्या टप्प्यावर पोचले, तर झाडांच्या बुंध्यांशी एकेक दगड. मला भरूनच आलं. माझ्या माहेरी खत द्यायच्या झाडाशी आधी दगड ठेवतात आणि दिलं की भिरकावतात. म्हटलं, बोलत नाहीत, पण माझ्यासाठी मांडून ठेवलंय, राग निवळतोय. मी खुशीत डबे ओतत, दगड फेकत निघाले. मध्ये पाणी प्यायला खालच्या टप्प्यावर उतरले, तिथलंही दगड ठेवलेलं एक झाड उरकलं.

"अगं ए! तिथे काय करतेस?" सासूबाई बांधावरून ओरडल्या. "ती झालीत माझी!"

"मग दगड कशाला ठेवलेत?"

"झाली म्हणूनच ठेवलेत! बाकी झाडाला कोण दगड ठेवतं?"

"आमच्याकडे ठेवतात."

"वीस वर्षं झाली, अजून तुमच्याकडेच का?"

वीस वर्षांत दगडाची गरजच पडली नव्हती. एरवी त्यांचं तोंड असं चालू असतं की कुठलं झाड झालं ते डोंगरापलीकडेही कळावं.

"किती डबे घातलेस?"

"अकरा."

तिसऱ्या वर्षाची झाडं, पहिल्यांदाच कळी धरलेली. दुप्पट खत आणि ओंजळभर पाणी, म्हणजे दोन दिवसांत पानं करपणार, कळी गळणार. भरपूर पाणी असतं तर धुऊन तरी काढलं असतं.

साडेतीन वाजले होते.

"वर जाऊन यांना थांबवू?"

"तू पोचेस्तोवर पाणी इथे पोचेल. खुरपं घे. वरचा थर तुझा, खालचा माझा. तुझा तेवढा काढ."

आम्ही गुडघ्यांवर बसून माती खरवडत सुटलो. पांढरे दाणे दिसले की मातीसकट टोपलीत. नखांत माती, डोळ्यांत घाम, आणि बोलायला दोघींनाही सवड नाही. दहावं झाड संपलं आणि वरून पाटाची खळखळ ऐकू आली.

"अकरावं?"

"खालच्या टप्प्यावर." धावत उतरलो. तिथे चार झाडांशी दगड नव्हता. तीन सासूबाईंची राहिलेली, एक माझं. कुठलं, ते मला आठवेना. मी पार गोंधळले.

"खणून बघू का एकेक?"

"वेळ कुठाय?" पाणी त्या टप्प्यावर शिरलंच होतं. सासूबाईंनी पदर खोचला आणि पहिल्या झाडाच्या चरात हात घातला. "कोमट." दुसऱ्यात घातला. "कोमट." तिसऱ्यात घातला आणि त्या किंचाळल्याच, "गार! बर्फासारखं! हेच गं! युरिया विरघळताना गार पडतो."

मी खुरप्याने पाटाला खिंडार पाडलं आणि पाणी बाजूला वळवलं. सासूबाई दोन्ही हातांनी चिखल उपसून फेकत होत्या. चर तळापर्यंत मोकळा झाला तेव्हा कुठे त्या थांबल्या.

मग त्यांनी एक दगड उचलला, त्या झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"झालं," मी म्हटलं.

"झालं. आणि ती कात्री माझ्याच उशीखाली होती. सकाळीच सापडली."

"मग सांगितलं का नाही?"

"कशी सांगणार?" चिखलाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या. "अबोला होता ना आपला."