वाहनांना प्रवेश नाही

वहिनींनी फाटकाच्या आडव्या दांड्याखालून वाकून एक पाय आत टाकला, तेवढ्यात पहारेकऱ्याने दांडा आणखी खाली आणला.

“आजी, मागं व्हा. पायी जाणं बंद झालंय आजपासून.”

“माझा एक पाय आत आहे,” वहिनी म्हणाल्या. “तो धरायचा की बाहेरचा?”

मागे रांगेत कुणीतरी हसलं. रांग कसली, बसमधून उतरलेली बारा-चौदा माणसं. हातात डबे, पाण्याच्या बाटल्या, एकाच्या काखेत गुंडाळलेली सतरंजी. एक गवंडी बायकोला आणि दोन मुलींना घेऊन आला होता; धाकटी त्याच्या खांद्यावर बसून झाडांचे शेंडे बघत होती. बाजूच्या दगडी कठड्यावर वहिनींची नणंद मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. वहिनी तिला वन्सं म्हणत, आणि इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या की शेजारपाजारचेही तिला वन्संच म्हणू लागले होते.

“आत की बाहेर ते आधी ठरव, वहिनी,” वन्सं म्हणाल्या. “मध्ये अडकलीस तर माझ्याच्याने ओढवणार नाही हो तुला.”

उजाडायच्या आत निघून, दोन बस बदलून दोघी इथवर आल्या होत्या. हे राष्ट्रीय उद्यान बघायला लांबलांबून माणसं येत. त्यांच्यासाठी जीपगाड्या होत्या, लाकडी खोल्या होत्या, आणि त्यांचं आरक्षण महिना महिना आधी करावं लागे. दोघींच्या पेन्शनीत त्यातलं काहीच बसणारं नव्हतं. बसने येणाऱ्यांसाठी एकच गोष्ट होती, तळ्याचा रस्ता. जायला तीन किलोमीटर, यायला तीन. तिथे गाडी नेता येत नसे, म्हणून तिकीटही नव्हतं. दुपारी हरणं पाण्यावर येत, आणि इंजिनांचा आवाज नसल्यामुळे माणसं असली तरी निवांत पीत राहत. जीपवाल्यांना तीच हरणं दुर्बिणीतून बघावी लागत. हे सगळं वन्संनी शेजारणींकडून इतक्यांदा ऐकलं होतं की यंदा त्यांनी कुणाला न विचारता तारीखच ठरवली. वहिनी दरवर्षी टाळत. कधी खोकला, कधी पाहुणे. या वेळी कारण सुचलं नाही.

चौकीतून अधिकारी बाहेर आला. तरुण होता, बोलायला मऊ होता. त्याच्या हातात एक पिवळी पडलेली फाईल होती.

“आजी, नियम आम्ही बदललेला नाही,” तो म्हणाला. “नियम पहिल्यापासून हाच होता. आम्ही फक्त चूक दुरुस्त करतोय.”

त्याने फाटकावरच्या जुन्या फलकाकडे बोट दाखवलं. ‘तळ्याच्या रस्त्यावर वाहनांना प्रवेश नाही.’ मग फाईल उघडून टंकलिखित कागद वहिनींच्या डोळ्यांसमोर धरला. ‘तळ्याच्या रस्त्यावर वाहनाविना प्रवेश नाही.’

“बघितलंत? वाहनाविना. म्हणजे जायचं तर गाडीतूनच जायचं, असा मूळ हुकूम. कपाट साफ करताना सापडला. नियमांची पुस्तिका छापली तेव्हा त्यातला ‘वि’ गळला. कुणा शहाण्याने त्याच्या आधीच्या ‘ना’वर टिंब दिलं. रंगाऱ्याने पुस्तिकेवरून फलक रंगवला, आणि चाळीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. छापखान्यातल्या कुठल्या गाढवाची करामत, कोण जाणे.”

“चाळीस वर्षांत चालणाऱ्या कुणाला जनावराने काही केलं का?” वन्संनी बसल्या जागेवरून विचारलं.

“तसं नाही, पण हुकूम तो हुकूम.”

त्याच्या मागे दोन नव्या कोऱ्या गाड्या उभ्या होत्या. सीटांवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

“साहेब,” गवंडी म्हणाला, “मला विचाराल तर त्या गाढवाचे उपकारच झाले आमच्यावर.”

सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी आत टाकलेला पाय मागे घेतला आणि फलकाकडे बघत राहिल्या.

एकोणीस वर्षं त्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत उभ्या होत्या. ती पुस्तिका त्यांच्याच हातची. ‘वि’ गळण्याला कारणही काही मोठं नव्हतं. शेजारी जुळवणाऱ्या बाईने मालकाच्या चालण्याची नक्कल केली, वहिनींना हसू आवरेना, आणि त्या हसण्यात अक्षर राहून गेलं. मुद्रितं तपासणाऱ्याने ‘वाहनाना’ वाचलं, त्याला वाटलं अनुस्वार राहिलाय, त्याने तो दिला. वहिनींच्या लक्षात आलं तेव्हा चार हजार प्रती घडी घालून बांधलेल्या होत्या. मालक म्हणाला, गप्प बस, कुणी वाचत नाही. त्या गप्प बसल्या. पण त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक ओळ त्यांनी उलटीकडून दोनदा वाचली, आणि त्यांच्या हातून पुन्हा कानामात्राही चुकली नाही. छापखान्यातले लोक नव्या मुलींना सांगत, बाईंनी जुळवलेली गॅली आहे, तपासायला नको.

“ती चूक नाही,” वहिनी म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“ते मी जुळवलंय. तुम्ही म्हणताय ते गाढव मीच.” त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. “आणि ‘वि’ गळला नाही. मी काढला.”

गवंड्याने खांद्यावरची मुलगी खाली उतरवली.

“काढला? कशासाठी?” अधिकाऱ्याने विचारलं.

“वाहन नव्हतं माझ्याकडे. आमच्यात कुणाकडेच नव्हतं. तुमचा हा कागद हातात आला तेव्हा वाटलं, म्हणजे तळं आपल्यासाठी नाहीच की.”

अधिकारी फाईलची पानं मागेपुढे करत राहिला. त्यात जे शोधत होता ते मिळालं नसावं.

“आजी, अडचणच करून ठेवलीत. छपाईची चूक असेल तर मी शुद्धिपत्र काढून मोकळा होतो. कुणी मुद्दाम बदल केला म्हटलं तर प्रकरण वर पाठवावं लागेल. चौकशी होईल.”

“आणि तोवर?”

“तोवर...” त्याने फलकाकडे पाहिलं. “तोवर आहे ते आहे.”

“म्हणजे किती दिवस?” गवंड्याने विचारलं.

उत्तर पहारेकऱ्याने दिलं. “वर गेलेला कागद ना? तो खाली येईस्तोवर मी रिटायर होईन.”

अधिकाऱ्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. “आजी, मला लेखी द्यावं लागेल तुम्हाला. सरकारी हुकमात जाणूनबुजून फेरफार केला म्हणून. ते तुमच्या नावावर कायम राहील. नीट विचार करा. चूक होती म्हणालात तर कुणी तुम्हाला काही बोलणार नाही. चूक काय, कुणाच्याही हातून होते.”

हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून वहिनी चाळीस वर्षं थांबल्या होत्या. ते ऐकून त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले.

“कागद द्या,” त्या म्हणाल्या.

पहारेकऱ्याने चौकीबाहेरच्या टेबलापाशी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच लिहिलं. अक्षर न् अक्षर सुटं, ठळक, शेवटी पूर्णविराम आणि खाली सही.

“साक्षीदार लागेल,” अधिकारी म्हणाला. “त्या वेळी तुम्हाला ओळखणारं कुणी असेल तर.”

वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही.

वन्सं कठड्याला हात टेकवून उठल्या. त्यांचं आयुष्य इस्पितळात नर्स म्हणून गेलं. मोठ्या डॉक्टरने डोळे वटारले तरी रोग्याचा ताप त्यांनी अर्ध्या अंशानेही कमी लिहिला नव्हता. घरातही तेच. पाहुण्याला चहा फिका झाला असेल तर पाहुण्याच्या आधी त्याच सांगत, आणि त्यावरून दोघींचे दिवसदिवस अबोले झाले होते. त्या टेबलापाशी आल्या, चष्मा लावला, आणि कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग वहिनींकडे पाहिलं. त्या दिवशी छापखान्यातून येऊन वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडल्या होत्या, तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा पेला वन्संनीच दिला होता.

“हे खरं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे?” अधिकाऱ्याने विचारलं.

“मी त्या दिवशी घरीच होते,” वन्सं म्हणाल्या. “ही कामावरून आली ती थेट माझ्यापुढे येऊन बसली. काय झालं, कसं झालं, सगळं सांगितलं मला.”

“मग इथे सही करा.”

त्यांनी केली. पेनाचं टोपण घट्ट लावून पेन परत दिलं.

अधिकाऱ्याने दोन्ही सह्यांवर बोट ठेवून त्या पुन्हा वाचल्या. कागद फाईलमध्ये घातला, फाईलची नाडी बांधली आणि पहारेकऱ्याला मान हलवून खूण केली. दांडा वर गेला. बसमधली माणसं एकेक करून आत गेली; जाताना गवंड्याच्या बायकोने वहिनींच्या दंडाला नुसता हात लावला. गवंड्याच्या दोन्ही मुली तोवर वळणापर्यंत पळाल्या होत्या.

दोघी सगळ्यांच्या मागे राहिल्या. रस्ता मातीचा होता, दोन्हीकडे झाडी, आणि पुढच्यांची बोलणी हळूहळू ऐकू येईनाशी झाली. एका झाडाच्या सावलीत वन्सं थांबल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी दम घेतला.

“वहिनी.”

“काय, वन्सं?”

“किती म्हणतात? तीन किलोमीटर?”

“हो. तीनच.”

“एवढं खोटं बोलायचंच होतं,” वन्सं म्हणाल्या, “तर जरा जवळचं तळं धरायचं होतंस.”

वहिनींनी त्यांच्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली. वन्संनी ती काढू दिली.