बावळटाचा घोट

माझी भाची इरुपे शेवाळ शिकायला उशुआयाला निघाली. आमच्या गोया गावात शेवाळ नाही असं नाही. माझ्या बहिणीच्या न्हाणीघरात हवं तेवढं आहे. पण हिला हवं होतं दलदलीतलं, हजारो वर्षं साचलेलं, आणि ते देशाच्या पार शेवटच्या टोकाला. तीन दिवस, तीन गाड्या, एक बोट. सातव्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘स्वमग्न’ असं लिहिलं होतं. त्यांनी तिला शेवाळाबद्दल काही विचारायला हवं होतं, म्हणजे दीड तास त्यांची सुटका झाली नसती.

तिची आई एर्मेलिंदा, माझी थोरली बहीण, तिची एकच अट होती. मी सोबत जायचं, आठवडाभर राहायचं, आणि शुक्रवारपर्यंत तिथल्या लोकांनी पोरीला आपल्यात घेतलं नाही, तर तिला परत आणायचं.

‘‘माणसांत बसली पाहिजे, नेलिदा. शेवाळात नाही,’’ ती मला म्हणाली.

इरुपेने अट मान्य केली आणि वहीत लिहून घेतली: शुक्रवार, संध्याकाळी पाच.

मी गाडीतच तिला यादी करून दिली. गेल्यावर प्रत्येकाच्या गालाला गाल लावायचा, निघताना पुन्हा लावायचा. काही मागताना ‘कृपया’ म्हणायचं. आणि माटे पुढे आला की नाही म्हणायचं नाही.

घोडं तिथेच अडलं. माटे म्हणजे भोपळ्याच्या कटोऱ्यात कडू पाला, त्यावर गरम पाणी, आणि एकच नळी सगळ्यांच्या तोंडातून फिरणार. इरुपेला दुसऱ्याची नळी तोंडात घालवत नाही. घरी तिची वेगळी नळी माझ्या शिवणाच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पण परक्या ठिकाणी पुढे केलेला माटे परत करायचा म्हणजे ‘तुम्ही मला नकोत’ असं तोंडावर सांगायचं.

‘‘पोट बिघडलंय म्हण. डॉक्टरांनी बंद केलाय म्हण.’’

‘‘कुठल्या डॉक्टरांनी?’’

‘‘कुठल्याही!’’

‘‘मावशी, माझं पोट छान आहे. सकाळी तूच विचारलंस.’’

सोमवारी ती शेवाळाच्या संस्थेतून आमच्या भाड्याच्या खोलीवर आली.

‘‘माटे आला?’’

‘‘आला. मी सांगितलं, मला तुमची थुंकी नको.’’

‘‘अगं बाई! असंच म्हणालीस?’’

‘‘नाही. आधी ‘कृपया’ म्हणाले. यादीत होतं.’’

मंगळवारी आणि बुधवारी कटोरा तिला वगळून पुढे गेला. लोक वाईट नव्हते, पण तिच्याशी काय बोलावं हे त्यांना कळेना. बुधवारी ती बूट न काढताच दारात उभी राहिली.

‘‘मला परत जायचं नाही, मावशी. इथलं शेवाळ चांगलं आहे. माणसंही चांगली आहेत. त्यांना माझ्याशी सुरुवात करता येत नाही.’’

खरं सांगते, वाईट वाटलं, आणि आत कुठेतरी बरंही वाटलं. वीस वर्षं रोज दुपारी चार वाजता ती माझ्या दुकानातल्या त्याच खुर्चीवर येऊन बसत होती. गुरुवारी मी तिचे स्वेटर घड्या घालून बॅगेत भरायला घेतले. त्या रात्री ती जेवली नाही.

शुक्रवारी साडेचारला मी तिला आणायला गेले. चहाच्या खोलीत टेबलाभोवती पाच जण बसले होते आणि टोकाला इरुपे उभी होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतला तापमापक.

‘‘या, या!’’ मिर्ता नावाची बाई हसत म्हणाली. ‘‘तुमच्या भाचीने आमच्या हारोल्दो सरांना कामावरून काढलं.’’

‘‘माटेच्या कामावरून,’’ पांढऱ्या दाढीचे सर पडेल आवाजात म्हणाले. ‘‘चौदा वर्षं मी ओततोय. आज ही म्हणते, सर, पाणी त्र्याण्णव अंशांवर आहे, पाला जळतोय, सगळे तोंडं वाकडी करून पितात. मी म्हटलं, खोटं! तर एकानेही मान वर केली नाही.’’

‘‘रागाने म्हणाले, मग तूच ओत,’’ मिर्ता म्हणाली. ‘‘हिने खरंच किटली घेतली.’’

आता, जो ओततो त्याने पहिला कटोरा स्वतः प्यायचा असतो. तो भयंकर कडू असतो, त्यात पाल्याची भुकटी येते, आम्ही त्याला बावळटाचा घोट म्हणतो आणि तो टाळायला काय वाटेल ते करतो. घरी किटली कायम एर्मेलिंदाकडे, त्यामुळे तो तिच्याच नशिबी. इरुपेने निर्जंतुक करून आणलेली नळी चिमट्याने उचलली, कटोऱ्यात खोचली आणि पहिला घोट शेवटच्या थेंबापर्यंत मजेत प्याली.

‘‘याला अजून कुणाचं तोंड लागलेलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यात चांगला हाच. आणि बावळट म्हणे!’’

मग तिने प्रत्येकाला ओतून दिलं. ऐंशी अंश, ना कमी ना जास्त. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. आपली पाळी आली की ती स्वतःला वगळून पुढे ओतायची, आणि ओतणारीला कोण बोलणार? पोरगी चोवीस वर्षांची झाली, पण आम्हा दोघी बहिणींना हे कधी सुचलं नव्हतं.

‘‘मावशी, तू मिर्तानंतर. बस.’’

मी बसले. माटे इतका छान होता की मला रडू येऊ लागलं.

‘‘पाच वाजले,’’ इरुपे म्हणाली. ‘‘सांग.’’

‘‘राहा बाई,’’ मी म्हणाले. ‘‘स्वेटर पुन्हा कपाटात लाव.’’

रविवारी गाडी सुटताना तिने मला वहीचं पान दिलं. या वेळी यादी तिने केली होती.

‘एक: डावीकडच्या खिडकीत बस, उजवीकडे ऊन येतं. दोन: आईला थुंकीचं सांगू नकोस. तिने विचारलंच तर सांग. तीन: रडायचं असेल तर बोटीवर रड. तिथे वाऱ्याने सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं. चार: चार वाजता मी दुकानात नसेन. माझी नळी खिळ्याला आहे. ती तू वापर. तुझी थुंकी चालेल.’

बोट यायला अजून पाच तास होते. रडायला मी तोवर थांबले नाही.