गोड वळणाची पाटी

योगराज पेंटर मूळचा पारोळ्याचा, पण सुरतेत राहून त्याचा हात गुजराती अक्षरांवर पक्का बसला होता. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोचा, रंजनाचा, धाकटा भाऊ धुडकू गावाहून कामाला आला. त्याला गुजराती वाचता येत नसे.

"दाजी, ह्या अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही. बोडकी दिसतात," तो म्हणायचा. पण बाजारातून जाताना नुसत्या वळणावरून दुकान ओळखायचा. गोल गरगरीत, पिवळी सावली दिलेली अक्षरं फरसाणची. बारीक, सरळ अक्षरं डॉक्टरची. योगराजला त्याची गंमत वाटे.

धुडकू सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगकारखान्यात लागला. तिथल्याच पाट्यांचं काम योगराजला मिळालं. मागच्या बाजूला सांडपाण्याच्या टाकीवर एक खोली होती, तिच्यात विषारी वायू साचायचा. योगराजने लाल रंगाचा डबा उघडला, तेवढ्यात शेठ आले.

"अरे, बाहेरगावची पार्टी येते माल बघायला. घाबरवू नको कोणाला. सरस, गोड वळणात लिही."

"शेठ, धोक्याची पाटी आहे..."

"लिहिलेलं असलं म्हणजे झालं ने?"

योगराजने मग हिरवी, गोलाकार गुजराती अक्षरं काढली. सवयीने पिवळी सावलीही दिली. 'विषारी वायू. आत जाऊ नये.' शेठ खूश झाले.

पुढच्याच आठवड्यात दुपारच्या सुट्टीत धुडकू सावली शोधत मागे गेला. पाटी पाहून सोबतच्या ओडिया कामगाराला म्हणाला, "यहाँ नाश्ते का कमरा है." तो कामगार हात धुऊन येईपर्यंत धुडकू कडी काढून आत शिरला होता. त्याला ओढून बाहेर काढलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. दवाखान्यात त्या कामगारानेच योगराजला हे सांगितलं.

घरी रंजनाने विचारलं, "काय लिहिलं होतं तुम्ही?"

"आत जाऊ नका म्हणून."

"त्याले वाचता कुठं येत होतं? त्यानं नुसतं पाहिलं. पाहून काय वाटलं असंल त्याले?"



दहावं उरकून तो न बोलावता कारखान्यात गेला. जुनी पाटी खरवडली आणि लाल पत्र्यावर काळी, जाड, ठोकळ्यासारखी अक्षरं लिहिली. शेठ लांबून बघत राहिले. कामगार त्या दारापासून वळसा घालून जाऊ लागले, न वाचता येणारेसुद्धा.

दहाव्यासाठी माहेरी गेलेली रंजना पावसाळा संपल्यावर परतली. संसार चालू राहिला, पण भावाचं नाव तिने नवऱ्यासमोर पुन्हा काढलं नाही.