पासबाईचा चौथा पाहुणा

“तुमच्या शरीराचा पहारेकरी जरा जास्तच कडक असावा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गर्भ अर्धा तुमचा, अर्धा मिस्टरांचा. तो दुसरा अर्धा त्याला परका वाटतो आणि तो गर्भ रुजू देत नाही. असा एक अंदाज आहे हं.”

समोरच्या बाईला हे रुचलं नाही. ती स्वतः रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर चौदा वर्षं पहारा करत होती. “पास?” हा शब्द दिवसातून दोनशेदा उच्चारी, म्हणून सगळे तिला पासबाई म्हणत. पास नसलेल्यालाही ती हाकलत नसे. बाकावर बसवी, आत फोन लावी, वर पाणी विचारी. नवराही तिला असाच लाभला. टेम्पो घेऊन आला, पास विसरला, दोन तास बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विसरून आला.

“मॅडम, आमच्या धंद्याला उगाच बदनाम करता,” पासबाई म्हणाली. “परक्यांसाठीच तर फाटक असतं. आणि आलेला माणूस मुळात आजारीच असला, तर तेही पहारेकऱ्याच्याच माथी?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “खरं सांगू? पुष्कळदा तसंच असतं. गर्भच कच्चा निघतो. आणि गर्भाशयातल्या ह्याच पहारेकरी पेशी बाळाला पोसणारी वार रुजायला मदतही करतात.”

“मग त्यांना झोपवायचं औषध?” नवऱ्यानं विचारलं.

“असतं. काही ठिकाणी देतात. पण त्यानं रुजतंच, असा भक्कम पुरावा नाही. शिवाय पहारेकरी झोपला की रोगांनाही वाट मोकळी. तुम्ही ठरवा.”

ठरवणं सोपं नव्हतं. प्रयोगशाळेत वाढवलेले तीन गर्भ आत सोडून झाले होते, एकही टिकला नव्हता. गोठवून ठेवलेला आता एकच उरला होता. पासबाईला बेचाळिसावं लागलं होतं. नवी बीजं मिळण्याची आशा डॉक्टरीणबाईंनीही सोडली होती.

“तू म्हणशील तसं,” नवरा म्हणाला. लग्नापासून त्याचं हे पाचशेवं तरी असेल.

“ड्यूटीवरच्याला झोपवून कोणी आत यायचं नाही,” पासबाई म्हणाली.

घरी आल्यावर नवऱ्यानं आईला थोडक्यात सांगितलं, “हिच्या अंगातला पहारेकरी, म्हणजे प्रतिकारशक्ती, जास्त कडक असेल, म्हणून गर्भ टिकत नसेल, असं म्हणतात.”

एरवी सासूबाई म्हणाल्या असत्या, ‘हे तर मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं.’ आज त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाच्या डब्यामागून एक बाटली काढून सुनेपुढे ठेवली. बाटलीवर ठळक अक्षरांत छापलं होतं: रोगप्रतिकारशक्ती वाढवा.

“तुझ्या चहात घालत होते. रोज दोन चमचे. दिवसभर त्या रंगाच्या वासात उभी असतेस, म्हटलं अंगात जोर नको? ही अकरावी बाटली ग. मीच पोसलं त्या मेल्या पहारेकऱ्याला!”

“म्हणून चहा कडू!” पासबाई म्हणाली. “आणि मी वर्षभर तुमच्या हाताला नावं ठेवतेय.”

तिनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. असल्या सिरपनं असं काही होत नाही, त्या म्हणाल्या. पण न विचारता कुणाला काही पाजू नका. सासूबाईंना त्यातलं दुसरं वाक्यच तेवढं पटलं. “डॉक्टर लोक गोड बोलतात,” त्या म्हणाल्या आणि बाटली मोरीत रिकामी केली.

चौथा गर्भ आत सोडला, तो सोमवार होता. बाराव्या दिवशी सकाळी तपासणीला रक्त दिलं आणि पासबाई फाटकावर गेली. दुपारी फोन आला. गर्भ रुजल्याचं सांगणारा आकडा शून्याच्या आसपासच होता.

“कशानं, मॅडम?”

“ते नाही सांगता येणार. खरंच नाही सांगता येत.”

“बरं,” पासबाई म्हणाली आणि समोर थांबलेल्या ट्रकचा नंबर नोंदवहीत उतरवून घेतला.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. सुनेचा चेहरा त्यांनी वाचला. “त्या बाटल्यांनीच ग...”

न पाहिलेली गोष्ट पासबाईनं नोंदवहीत कधी लिहिली नव्हती. ट्रक किती वाजता आला, असं कुणी विचारलं आणि घड्याळ बघितलेलं नसलं, तर ती रकाना कोरा ठेवी. साहेब ओरडले तरी.

“आई, डॉक्टरांनी तपासून सांगितलं,” ती म्हणाली. “गर्भच कच्चा होता. आपल्याकडून काही झालं नाही.”

“तपासून?”

“तपासून.”

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्या सकाळपासून न घेतलेला चहा ठेवायला आत गेल्या. नवरा खिडकीशी उभा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं.

हे बारा दिवस सासूबाईंनी पासबाईला घरात तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. डॉक्टरांनी रोजची कामं करा म्हटलं होतं, तरी नाहीच. आता न्हाणीघरात ओल्या कपड्यांची बादली भरून पडली होती. पासबाईनं साडी खोचली, वाकून बादली उचलली आणि गच्चीच्या जिन्याकडे निघाली.

“अगं, उचलू न...” सासूबाईंच्या तोंडून निघालंच. बाकीचं त्यांनी गिळलं. मग पुढे जाऊन त्यांनी तिच्यासाठी गच्चीचं दार उघडून धरलं.